नोकरी न सोडता माहिती-व्यवस्थापन शिकायचं तर सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की पणजीतल्या एका संस्थेचं छोटं ग्रंथालय सांभाळता, बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) झालंय, आणि आता साहेबांनी ऑफिसच्या फायलीही गळ्यात घातल्यात. पुन्हा पदवी करावी का? लगेच तरी नको. एम.लिब. हवंच असेल तर इग्नूचं दूरशिक्षण आहे, नोकरी सांभाळून होतं.

आधी कोहा हाताळा, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदी आणि देवघेव सांभाळणारं सॉफ्टवेअर. न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयात २००० साली सुरू झालेलं हे फुकट मिळतं. लिनक्सवर चालतं, त्यामुळे पहिला रविवार नुसतं इन्स्टॉल करण्यातच जाईल. वैतागू नका. मग शंभरेक पुस्तकांच्या नोंदी स्वतःच्या हातानं करा.

खरी गोम आपल्याकडच्या नावांत आहे. एकच शहर कुठे पणजी, कुठे पणजिम, तर पोर्तुगीज कागदांत नोव्हा गोवा. शोधताना नुसतं 'पणजी' टाकलं की बाकीचे कागद हाती लागतच नाहीत. एक प्रमाण नाव ठरवून उरलेली त्याला जोडायची, यालाच ऑथॉरिटी कंट्रोल म्हणतात. परीक्षेला मी हे पाठ केलं होतं. डोक्यात शिरलं ते म्हापशाची एक फाईल तीन दिवसांनी 'मापुसा'खाली सापडली तेव्हा!

आणि तुमचे जुने हेडक्लार्क निवृत्त व्हायच्या आत रोज अर्धा तास चहाला त्यांच्याजवळ बसा. कुठलं कपाट कशाचं, कुठली फाईल कुणी आणि का वेगळी ठेवली, ते वहीत उतरवून घ्या. हे कुठल्याच कोर्समध्ये मिळणार नाही.