वेरूळचं जपानी चित्र: आधी डावा समास आणि पाठ बघा

तुम्ही विचारलंय की काकांच्या सामानात हिरोशी योशिदा या जपानी चित्रकाराचं वेरूळच्या लेण्याचं लाकडी ठशांनी छापलेलं चित्र निघालं, ते ओरिजिनल आहे का आणि फ्रेम करायला टाकावं का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: इतक्यात टाकू नका. कारण खाली येईलच.

लाकडी ठशांच्या चित्रात ‘एक ओरिजिनल, बाकी कॉप्या’ हा हिशेबच नसतो. चित्रकार चित्र काढून देतो, कोरणारा ते चेरीच्या फळ्यांवर कोरतो, छापणारा फळीला ब्रशने रंग लावून वर ओलसर कागद टाकतो आणि पाठीमागून ‘बारेन’ने घासतो. बारेन म्हणजे बांबूच्या सोपटात गुंडाळलेली तळहाताएवढी चकती. असं प्रत्येक रंगाला. फळ्या शाबूत असल्या तर चित्रकार गेल्यावरही त्यांवरून छापता येतं, आणि योशिदांच्या घरच्यांनी तसं छापलंही. तेव्हा विचारायचं ते हे, की तुमचा कागद कधी छापला आणि कुणाच्या नजरेखाली.

योशिदा (१८७६–१९५०) मूळचे तैलरंग-जलरंगवाले. आधी टोकियोच्या वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकासाठी ठशांची चित्रं केली. १९२३च्या भूकंपानंतरच्या आगीत त्या फळ्या जळाल्या. १९२५च्या सुमारास त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. कोरणारे, छापणारे पदरी ठेवले आणि स्वतः त्यांच्या डोक्यावर उभे राहिले. १९३०च्या अखेरीस मुलगा तोशी याला घेऊन ते भारतात आले. ताजमहाल, बनारस, उदयपूर आणि आपले अजिंठा-वेरूळ त्या फेरीतले. चित्रं छापली गेली जपानला परतल्यावर.

आता चित्र हातात घ्या. डाव्या समासात वरच्या बाजूला दोन जपानी अक्षरांचा छोटा शिक्का आहे का? पहिलं अक्षर ओळखणं सोपं: उभा चौकोन, आत दोन आडव्या रेघा, डोक्यावर एक तिरका फटकारा. हा ‘जिझुरी’, म्हणजे ‘स्वतः छापलेलं’. योशिदांच्या देखरेखीखाली छापल्याची ही खूण. ते गेल्यानंतरच्या छापांवर ती नसते, आणि खालच्या समासातली इंग्रजी सही पेन्सिलीची नसून छापलेली असते. भिंगातून बघा. पेन्सिलीची रेघ कागदाच्या तंतूंवर तुटक चमकते, छापलेली एकसारखी सपाट दिसते.

समासातल्या सालावर मात्र जाऊ नका. ‘शोवा ६’ म्हणजे १९३१ हे बरोबर (शोवा हे जपानी सम्राटाच्या राजवटीचं साल, त्यात १९२५ मिळवायचे), पण ते चित्राचं साल. फळीवरच कोरलेलं असल्यामुळे नंतरच्या छापांवरही तेच येतं. इथे भलेभले फसतात.

कावासे हासुई या दुसऱ्या जपानी ठसे-चित्रकाराची चित्रं घेणाऱ्यांना हे नियम लागू नाहीत. त्यांचा प्रकाशक वातानाबे, त्यामुळे तिथे प्रकाशकाचा शिक्का बघायचा. चित्राच्या कोपऱ्यात सहा मिलिमीटरचा गोल लाल शिक्का असेल तर छाप दुसऱ्या महायुद्धानंतरचा. युद्धाआधीच्या बऱ्याच छापांवर समासात उभा लांबट शिक्का असतो.

आणि पाठ! चित्र उलटं करून खिडकीशी तिरकं धरा. हाताने छापलेल्या कागदात रंग आरपार उतरलेला दिसतो, बारेनचे गोलगोल ओरखडे दिसतात. पाठ कोरी पांढरी आणि भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते पुस्तकातलं किंवा कॅलेंडरचं पान. मी समोरची बाजू शेवटी बघतो. दुकानदार हसतात, हसू देत.

फ्रेमचं कारण आता सांगतो. टोकियोत नोकरीला होतो तेव्हा जिम्बोचोच्या जुन्या पुस्तकांच्या गल्लीत पहिला हासुई घेतला. पुण्याला आल्यावर कौतुकाने कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याकडे दिला. त्याने तो गोंद फासून हार्डबोर्डावर चिकटवला आणि चौकटीत बसावा म्हणून समास कापला. शिक्का त्या समासातच होता. ‘साहेब, आता कसा टाईट बसलाय,’ म्हणाला. चूक माझी, मी काही सांगितलंच नव्हतं.

तुम्ही नक्की सांगा: समासाला हात लावायचा नाही, सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर नाहीच. ॲसिडमुक्त माउंट, वरच्या दोन कोपऱ्यांना वॉशी या जपानी कागदाच्या बिजागऱ्या, खळ गव्हाची, आणि काच चित्राला टेकता कामा नये. जुन्या छापाच्या कडेने तपकिरी चौकट उमटलेली दिसते ती स्वस्त पुठ्ठ्याची करणी. ऊन पडतं त्या भिंतीवर लावू नका, रंग उडतात. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवरून उतरवून सपाट ठेवा. बुरशीचे ठिपके आणि कसर दोन्ही आपल्या हवेत फार लवकर येतात.

सध्या फक्त दोन फोटो टाका: डावा समास पूर्ण दिसेल असा एक, आणि पाठीचा एक, तिरप्या उजेडात, फ्लॅश न मारता. भावाचं त्यानंतर बोलू, कारण जिझुरी असणं-नसणं यात किमतीचा फरक कित्येक पटींचा पडतो.