मन लागत नाही, हेच त्याला सांग

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारी वाचलं, रात्री पुन्हा वाचलं. दिवसा नोकरी, रात्री दवाखान्यात आईच्या उशाशी, आणि मधल्या लोकलच्या तासाभरात हप्त्यांची बेरीज. ‘मावशी, हात जोडतो, पण मन लागत नाही. अशी प्रार्थना देवाला पोचते का?’ असं विचारलंयस. पोचते रे.

माझे वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हा मी रात्री जिन्यात बसायचे. बाहेरच्या बाकांवर जो तो ‘डॉक्टर काय म्हणाले?’ एवढंच विचारायचा, ते सोसवेना. एका रात्री रामरक्षा म्हणायला घेतली आणि चार-पाच ओळींतच अडले. लहानपणापासून पाठ असलेली रामरक्षा! रडू कोसळलं. मग ओठांवर आपसूक आलं ते करुणाष्टक. दिवेलागणीला आजी देव्हाऱ्यापुढे बसवून म्हणवून घ्यायची ते.

अचपळ मन माझें नावरे आवरीतां ।
तुजविण शिण होतो धांव रे धांव आतां ॥

इतकी वर्षं घोकलेल्या या ओळी त्या रात्री मला पहिल्यांदा ऐकू आल्या. (अचपळ म्हणजे इथे फार चंचल.) ज्या समर्थ रामदासांनी मनाला समजावणारे २०५ श्लोक लिहिले, तेच इथे रामाला म्हणतायत की मन आवरत नाही, शिणलोय, धाव. तुझंही दुसरं काय आहे? जे मला लिहिलंस, ते जसंच्या तसं त्याला सांग. चांगले शब्द शोधत बसू नकोस.

आणि हे मोठ्याने म्हणून बघ. वृत्त मालिनी आहे. करुणाष्टकाची पहिलीच ओळ घे, ‘अनुदिनि अनुतापें तापलों रामराया’. ‘अ-नु-दि-नि-अ-नु’ ही पहिली सहा अक्षरं भराभर, घाबऱ्या श्वासासारखी पळतात. मग ‘तापें’ला पाय जड होतो, आठव्या अक्षरावर क्षणभर थांबायचं, आणि ‘तापलों रामराया’ लांबवत सोडायचं. दर ओळीला असंच. चार-पाच कडव्यांत श्वास आपोआप त्या चालीला लागतो. जिन्यात माझे हात थरथरायचे थांबले ते असे. लोकलच्या गर्दीत दांडीला लटकूनही पुटपुटता येईल, कुणाला कळणारही नाही.

तुला खोटं सांगणार नाही. माझे वडील त्या आजारातून उठले नाहीत. मागितलेलं मिळालं नाही, तरी त्या रात्रींत माझं कुणीतरी ऐकत होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पुढचे दिवस मी त्याच आधारावर काढले.

आणखी एक, नीट ऐक. झोप उडाली, जेवण जाईना, जीव नकोसा वाटायला लागला, तर देवापुढे बसच, पण १४४१६ ला फोनही कर. टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी सेवा आहे, मोफत, रात्री-अपरात्रीही. किंवा मला उठव. माणसाला हाक मारली म्हणून श्रद्धा उणी पडत नाही.

रविवारी मी येतेय. रात्री आईजवळ मी बसेन, तू घरी जाऊन झोप. तिला मऊ भात चालतो का, तेवढं कळव.

तुझी,
मावशी