माहेरचं आडनाव सापडेपर्यंत

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सासूबाईंच्या घरातली ती आजी लंडनहून मेलबर्नला आली आणि मूळची ह्युगनो, म्हणजे फ्रान्समधल्या प्रॉटेस्टंट घराण्यातली होती, एवढंच घरात माहीत आहे. तू लगेच फ्रान्सच्या नोंदी उघडून बसलीस. त्या आधी बंद कर. १६८५ साली चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंटांना धर्म पाळायची मुभा देणारं नांतचं फर्मान रद्द केलं आणि तिथले प्रॉटेस्टंट देशोधडीला लागले, हे खरं. पण तिथून खाली उतरायला लागलीस तर एकाच आडनावाची ढीगभर घराणी भेटतील आणि त्यातलं तुमचं कुठलं, हे कळायला मार्ग नसेल. शोध मेलबर्नहून मागे न्यायचा, एकेक पिढी. प्रत्येक पायरीवर प्रश्न एकच: हिचं माहेर कुठलं? लग्नात आडनाव बदललं की कागदावरचा धागा तिथेच तुटतो. तो आपल्याकडेही तुटतो, त्यामुळे हे तुला वेगळं समजावायला नको.

ती व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या वसाहतीत आहे तिथे, वारली असेल तर अर्धं काम सोपं आहे. तिथे सरकारी नोंदणी १ जुलै १८५३ ला सुरू झाली आणि मृत्यूच्या दाखल्यात भरपूर रकाने ठेवले गेले: आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनाव, वडिलांचा धंदा, जन्मगाव, वसाहतीत किती वर्षं झाली, लग्न कुठे, कितव्या वर्षी आणि कोणाशी झालं, मुलांची नावं आणि वयं. न्यू साउथ वेल्समध्ये असेच तपशील १ मार्च १८५६ पासून मिळतात. साउथ ऑस्ट्रेलियाची नोंदणी १८४२ ची, म्हणजे दोघांहून जुनी. पण तिथल्या त्या काळच्या मृत्यूच्या दाखल्यात आईवडिलांची नावंच नसतात. कुठल्या वसाहतीचा दाखला आहे, हे बघूनच त्याच्याकडून अपेक्षा ठेव.

दाखला हातात आला की सगळ्यात आधी माहिती देणाऱ्याचा रकाना वाच. ज्या बाईचा दाखला आहे ती स्वतः काहीच सांगू शकत नाही. सांगतो तो मुलगा, जावई किंवा शेजारी. जावयाला सासूच्या आईचं माहेर माहीत असेलच असं नाही, मग तो आठवेल ते सांगतो आणि कारकून ते ऐकू येईल तसं लिहितो. म्हणून या एका दाखल्यावर थांबू नकोस. तिच्या सगळ्या मुलांचे जन्माचे दाखले मागव. तुमची शाखा ज्या मुलापासून निघाली तो १८५० चा असला, तरी १८५३ नंतर जन्मलेलं धाकटं भावंड जास्त उपयोगाचं, कारण त्याच्या दाखल्यात आईचं वय, जन्मगाव, माहेरचं आडनाव आणि लग्नाचं ठिकाण-साल येतं, आणि बऱ्याचदा हे सांगणारी ती स्वतःच असते. सही आहे की अंगठ्याऐवजी फुली, तेही टिपून ठेव. पुढे लंडनच्या लग्नाच्या नोंदीशी ताडून बघायला लागेल.

आता जहाज. व्हिक्टोरियाच्या सरकारी दफ्तरखान्याच्या दोन वेगळ्या याद्या आहेत: सरकारी मदतीने आलेल्या प्रवाशांची १८३९ ते १८७१ ची आणि स्वखर्चाने आलेल्यांची १८५२ पासूनची. १८५१ पर्यंत मेलबर्नचा मुलूख न्यू साउथ वेल्सचाच भाग होता, त्यामुळे त्याआधीचे कागद सिडनीच्या दफ्तरातही बघावे लागतात. यादीतल्या वयावर विसंबू नकोस. १८३५ च्या नियमाप्रमाणे १५ ते ३० वर्षांची अविवाहित मुलगी आणली तर १५ पौंड बक्षीस मिळे, म्हणून चौतिशीची बाई कागदावर सहज २९ ची व्हायची. विणकराची लेक घरकामवाली म्हणून लिहिली जायची, कारण वसाहतीला मोलकरणी हव्या होत्या. आणि एकटी मुलगी एखाद्या जोडप्याच्या देखरेखीखाली पाठवत. यादीत ती त्यांच्याखाली दिसली म्हणून त्यांची मुलगी समजू नकोस. ही चूक फार होते आणि पुढची सगळी वंशावळ दुसऱ्याच घराची निघते.

इंग्लंडहून आल्याची नोंद कुठेच नसेल तर टास्मानियात बघ. तिथे १८५३ पर्यंत कैदी बायका पाठवल्या जात आणि सुटल्यावर कित्येक जणी समुद्र ओलांडून मेलबर्नला आल्या. घरात कोणाला कमीपणा वाटला तर समजूत घाल. तिथल्या राजधानीच्या, होबार्टच्या, कैदी-नोंदींत उंची, डोळ्यांचा रंग, जन्मगाव, कधीकधी भावंडांची नावंही असतात. साध्या प्रवाशाबद्दल इतकं कोणी लिहून ठेवलेलं नाही. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातल्या खटल्यांचे वृत्तांत विनामूल्य वाचता येतात.

लंडनमध्ये अशा घरांचा पत्ता बहुतेक स्पिटलफील्ड्स किंवा बेथनल ग्रीन निघतो, रेशमाच्या हातमागांची वस्ती. मजुरी ठरवून देणारे कायदे १८२४ साली रद्द झाले, १८२६ पासून फ्रान्सचं रेशीम उघडपणे येऊ लागलं आणि मागावरचं पोट भरेना. तुझ्या शोधातला सगळ्यात अवघड टप्पा इथेच आहे, १७५४ ते १८३७. १७५४ पासून ज्यू आणि क्वेकर (एक छोटा ख्रिस्ती पंथ) सोडून सगळ्यांना लग्न अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत, चर्चमध्येच करावं लागे, त्यामुळे ह्युगनो घरांची लग्नं त्यांच्या फ्रेंच चर्चच्या वह्यांतून नाहीशी होतात. १८१३ पासून बाप्तिस्म्याचा छापील फॉर्म आला, पण त्यात आईचं फक्त पहिलं नाव. सरकारी जन्मनोंदणी १ जुलै १८३७ ची. तिच्या ऑनलाइन इंडेक्समध्ये आईचं माहेरचं आडनाव मिळतं. म्हणून आजीपेक्षा तिच्या लंडनमध्येच राहिलेल्या धाकट्या भावंडांवर लक्ष ठेव. १८४१ ची जनगणना बघताना मोठ्यांची वयं पाचच्या पटीत खाली आणलेली असतात, हे विसरू नकोस. १८५१ च्या जनगणनेत जन्मगाव मिळतं. १८५८ पूर्वीची मृत्युपत्रंही चाळ. ‘न्यू साउथ वेल्समध्ये असलेल्या माझ्या मुलीला’ अशी एक ओळ मिळाली तर दोन्ही किनारे जोडले जातात. घर गरीब असेल तर पॅरिशने, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या स्थानिक कारभाराने, घेतलेल्या जबान्या शोध. मदत कुठल्या पॅरिशने द्यायची हे ठरवायला माणसाचा जन्म, उमेदवारी, लग्न, मुलांची वयं सगळं विचारून लिहीत.

हा टप्पा ओलांडून फ्रेंच चर्चच्या वह्यांपर्यंत पोचलीस की शोध एकदम मोकळा होतो. या वह्यांत बाई लग्नानंतरही माहेरच्या आडनावानेच लिहिलेली असते. बाप्तिस्म्यात आईचं पूर्ण नाव, शिवाय ‘पारँ’ आणि ‘मारेन’, म्हणजे धर्मपिता आणि धर्ममाता, हे बहुधा जवळचे नातलग. लग्नाच्या नोंदीत कित्येकदा फ्रान्समधलं मूळ गावही येतं. लंडनच्या थ्रेडनीडल स्ट्रीटचं फ्रेंच चर्च १५५० चं. त्याच्या वह्या १८८५ साली स्थापन झालेल्या ह्युगनो सोसायटीने छापल्या आहेत. तारखा मात्र सांभाळून घे: १७५२ पर्यंत इंग्लंडात वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून १२ फेब्रुवारी १७०३ ही नोंद आपल्या हिशेबाने १७०४ ची असू शकते. तू १७०३/०४ असंच लिही.

आडनावाच्या ध्वनीवर भाळू नकोस. बोशां हे नाव फ्रेंच वाटतं, पण ते नॉर्मन सरदारांबरोबर सहाशे वर्षं आधी इंग्लंडात आलं. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या जर्सी-गर्न्झी बेटांवरची माणसंही फ्रेंच आडनावांची. उलट खरा ह्युगनो लब्लाँ (म्हणजे ‘पांढरा’) भाषांतर होऊन ‘व्हाइट’ होऊन बसलेला असतो. 'ल', 'द्यु', 'द ला' लागलेली नावं जोडून, तोडून आणि पुढचा भाग गाळून, तिन्ही ठिकाणी शोध. १८४८ साली फ्रान्सच्या कॅले बंदरातून निघून तीन जहाजांतून ऑस्ट्रेलियाला आलेले लेस विणणारे फ्रान्समध्ये जन्मलेले असले तरी मूळचे नॉटिंगहॅमकडचे इंग्रज. जन्मगाव कॅले दिसलं म्हणून ह्युगनो ठरवू नकोस.

या आठवड्यात एवढंच कर: तिच्या १८५३ नंतरच्या मुलांची यादी काढ आणि सगळ्यात धाकट्याचा दाखला मागव. आला की आईच्या माहेरच्या आडनावाचा रकाना जसाच्या तसा, स्पेलिंग न सुधारता, मला लिहून पाठव.

कळावे,
तुझा काका