2960 च्या पोर्टवर भाडेकरूचा वेग आवळताना

गिगाबिट पोर्टवर भाडेकरूचं ऑफिस, त्याला 20 एमबीपीएसच्या वर मिळू द्यायचं नाही, आणि सिस्कोचा 2960 स्विच पॉलिसी-मॅप (कोणत्या ट्रॅफिकला कोणता नियम, ते सांगणारी यादी) आउटपुटला लावूच देत नाही, असा तुमचा प्रश्न. स्विच बिघडलेला नाही. या मालिकेत पोलिसिंग, म्हणजे मर्यादेवरच्या ट्रॅफिकला आवर घालणं, फक्त आत येणाऱ्या ट्रॅफिकवर चालतं.

आधी दिशा पक्की करा, घोळ बहुतेक तिथेच होतो. आत-बाहेर हे स्विचच्या बाजूने धरायचं. पोर्टमधून बाहेर पडणारं ते भाडेकरूचं डाउनलोड. त्याचं अपलोड आवरायचं असेल तर पॉलिसी-मॅप त्याच पोर्टवर इनपुटला लावा.

डाउनलोडसाठी इंटरफेसखाली ‘एसआरआर-क्यू बँडविड्थ लिमिट’ ही कमांड द्या. हा आकडा एमबीपीएसमध्ये नसून टक्क्यांत असतो, 10 ते 90. म्हणजे गिगाबिटवर कितीही दाबलंत तरी 100 एमबीपीएसच्या खाली जाता येत नाही. म्हणून पोर्ट आधी 100 एमबीपीएसवर आणा, मग लिमिट 20 टक्के. ‘स्पीड 100’ असं ठोकून बसवण्यापेक्षा ‘स्पीड ऑटो 100’ द्या. दोन्ही टोकांच्या वेगाच्या वाटाघाटी चालू राहतात आणि डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही बाजूंनी पाठवायचं की आळीपाळीने) जुळत नाही ही कटकट टळते. हार्डवेअर साधारण सहा-सहा टक्क्यांच्या पायऱ्यांनी चालतं, त्यामुळे नेमका 20 मिळेलच असं नाही. ‘शो एमएलएस क्यूओएस इंटरफेस’ला पुढे ‘क्यूइंग’ जोडलंत की ‘ऑपरेशनल बँडविड्थ’ म्हणून खरा आकडा दिसतो.

‘एमएलएस क्यूओएस’ (ट्रॅफिकचा प्राधान्यक्रम सांभाळणारी स्विचची सोय) पहिल्यांदाच चालू करत असाल तर जपून. ज्या पोर्टना ट्रस्ट दिलेला नाही, म्हणजे खुणा आहेत तशा माना असं सांगितलेलं नाही, तिथून येणाऱ्या पॅकेटांवरच्या प्राधान्याच्या खुणा स्विच शून्य करून टाकतो, आणि आयपी फोनवाले सकाळी तुमच्या दारात.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे. स्विचला इंटरनेट कुठलं आणि शेजारच्या खोलीतला फाइल सर्व्हर कुठला, हे कळत नाही. भाडेकरू तुमचा सर्व्हर वापरत असेल तर तेही 20 मध्येच बसणार. शिवाय स्विचचा बफर इवलासा, भरला की पॅकेट सरळ फेकली जातात आणि टीसीपीचा वेग वरखाली होत राहतो. ‘शो इंटरफेस’मध्ये आउटपुट ड्रॉप्स वाढताना दिसतील, घाबरू नका, लिमिट लागल्याचीच ती खूण.

राउटर तुमच्या ताब्यात असेल तर मी हे स्विचवर करणारच नाही. तिथे शेपिंग लावा. पॅकेट रांगेत थांबतात, आणि लिमिट फक्त इंटरनेटलाच लागते. राउटर सेवा देणाऱ्या कंपनीचा असेल आणि आत शिरू देत नसतील, तरच वरचा उपाय. लावल्यावर भाडेकरूच्या बाजूच्या लॅपटॉपवरून आयपर्फ (वेग मोजायचं साधन) ‘-R’, म्हणजे मोठा आर, देऊन चालवा, नाहीतर उलटी दिशा मोजून लिमिट लागलीच नाही असं वाटेल.