जोर कमी, शाई बरोबर: ठशांच्या कार्डांबद्दल तुमचे प्रश्न

पारदर्शक ठसा नवाकोरा आहे, पण शाई त्यावर थेंबाथेंबांनी गोळा होते. फुलाच्या पाकळ्या मध्येच पांढऱ्या राहतात. ठसा खराब निघाला का?

नाही. नव्या ठशाचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत असतो की शाई त्यावर ठरतच नाही. साधं पांढरं खोडरबर नक्षीवरून हलक्या हाताने फिरवा. चकाकी जाऊन ठसा जरासा मंद दिसू लागला की थांबा. पहिले दोन-तीन ठसे रद्दी कागदावर घ्या, मग कार्डावर. शिवाय ठसा पॅडवर दाबू नका. तो उताणा ठेवून पॅडच त्यावर हलके टेकवा. दाबलं की शाई कडांवरून खाली उतरते आणि कार्डावर नको तिथे डाग पडतात.

एक बाजू गडद येते, दुसरी फिकी. भरपूर जोर लावूनही!

जोर लावता म्हणूनच. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात कार्यालयातला शिक्का बसलेला असतो: धाडकन मारायचा आणि वर थोडा डुलवायचा. डुलवलं की कड उमटते, रेषा दुहेरी होते. ठसा सरळ टेकवा, एका हाताने स्थिर धरा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी मध्य आणि मग चारही कोपरे दाबा, आणि सरळ वर उचला. लाकडी ठशांच्या रबराखाली फोमचा थर असतो. ॲक्रिलिक ब्लॉकवर (म्हणजे प्लास्टिकच्या पारदर्शक ठोकळ्यावर) लावायच्या पारदर्शक ठशांना तो नसतो. म्हणून त्यांच्यासाठी कागदाखाली जुना माउसपॅड ठेवा. फरक लगेच दिसेल.

चित्र रंगवायला घेतलं की काळी बाह्यरेषा पसरते. शाई तर चांगली आहे.

चांगली असेलही, पण कशासाठी? जलरंग वापरणार असाल तर पाण्याला दाद न देणारी शाई हवी. अल्कोहोल मार्करचं गणित मात्र वेगळं: सॉल्व्हेंटवाली शाई (पाण्याऐवजी रसायनात कालवलेली) पाण्यात ढिम्म हलत नाही, पण मार्कर फिरला की विरघळते. तिथे मार्करसाठी चालणारी डाय शाई, म्हणजे कागदात मुरणारी शाईच लागते. पॅडच्या वेष्टणावर कशासोबत चालते ते बहुधा लिहिलेलं असतं. तरी खात्री करायची तर त्याच कागदाच्या तुकड्यावर ठसा घ्या, पूर्ण वाळू द्या आणि रंग फिरवा. मी अजूनही दरवेळी हे करते.

एम्बॉसिंग पावडर (वितळून ठशाला उठाव देणारी) केस वाळवायच्या ड्रायरने वितळेल का?

नाही. ड्रायरचा वारा जास्त आणि उष्णता कमी, त्यामुळे पावडर वितळायच्या आत उडून जाते. हीट गनच हवी. आधी कोरड्या कागदावर टाल्कम पावडरचा अगदी पातळ हात फिरवा, नाहीतर हाताच्या तेलकटपणामुळे आणि स्थिर विजेमुळे दाणे भलतीकडेच चिकटतात. मग पिगमेंट शाईने ठसा घ्या. ती सावकाश वाळते, म्हणून एम्बॉसिंग पावडर धरून ठेवते. पावडर ओता, जादा झटका, राहिलेले दाणे कोरड्या ब्रशने टिपा. हीट गन आधी रिकाम्या जागी काही सेकंद चालवून तापवा आणि मगच कागदावर आणा. एका कोपऱ्यावर नजर ठेवा: खडबडीत, धुळकट दिसणारी रेष अचानक ओली होऊन चमकते. चमकली की पुढे सरका. तिथेच रेंगाळलात तर पावडर कागदात मुरते, उठाव जातो आणि कार्डही वाकतं. चिमट्याने धरा, बोटं भाजतात. (अनुभव!)

ठसे ओल्या वाइप्सने पुसले तर चालतात?

लोशनवाले नकोत, त्यांचा थर राहतो. ओलं फडकं पुरतं. सॉल्व्हेंट शाईला तिचाच क्लीनर लागतो. पारदर्शक ठसे पिवळट पडले किंवा त्यांवर रंग राहिला तर घाबरू नका, ठसा तसाच स्वच्छ उमटतो.

कार्ड दुमडताना घडीवर कागद फाटल्यासारखा का दिसतो?

घडी तंतूंच्या आडवी आली. कागद दोन्ही दिशांनी अलगद वाकवून बघा. ज्या दिशेला तो सहज वाकतो, घडी त्याच दिशेची ठेवा. दुमडण्याआधी पट्टी लावून बोथट टोकाने खाच पाडा. ए-४ कागदाचे लांबीत दोन तुकडे केले की घडी घातल्यावर ए-६ आकाराची दोन कार्डं होतात, पण कापायच्या आधी हे वाकवून बघणं विसरू नका.