वेल्डर हवाय, पगार मात्र हेल्परचा

प्रश्न : काका, दोन वर्षांचा वेल्डिंगचा कोर्स केला, मग वर्षभर एका वर्कशॉपमध्ये हेल्पर होतो. आता दुसरीकडे वेल्डर म्हणून घेतायत पण पगार हेल्परपेक्षा जेमतेम जास्त, वर हेल्मेट ग्लोव्हज स्वतःचे आण म्हणतात. का तर ‘नवीन आहेस’. किती मागू?

उत्तर : आकडा मी इथे बसून सांगण्यात अर्थ नाही, तो तुझ्या भागातल्या चार वेल्डरना विचार, आणि नुसता पगार विचारू नकोस रे, तास किती आणि ओव्हरटाइमचं काय तेही विचार, नाहीतर त्यांचा बारा तासांचा पगार धरून तू आठ तासांचा हिशोब करत बसशील.

आता ‘नवीन’ म्हणजे काय? ज्याच्या डोक्यावर कोणीतरी उभं राहावं लागतं तो नवीन. तू ड्रॉइंग वाचून एकट्याने जॉब लावतोस, करंट सेट करतोस, टॅक, म्हणजे तात्पुरते टाके, मारल्यावर गुण्या लावून कोन बघतोस आणि तुझा जॉब परत ग्राइंडरखाली येत नाही, तर मालकाला वेल्डरच मिळालाय, मग पैसे हेल्परचे कशाला? पण हे तोंडाने सांगून कोण ऐकणार, म्हणून ट्रायल दे. दोन प्लेटा जोड, त्यातून दोन पट्ट्या कापायला लाव आणि त्या वाकवून बघायला सांग, एक वरच्या अंगाने, एक रूटच्या, म्हणजे जोडाच्या तळाच्या अंगाने. आत स्लॅग, म्हणजे वेल्डिंगचा मळ, अडकला असेल किंवा रूट भरला नसेल तर पट्टी तिथेच चिरते, सगळ्यांसमोर. नाही चिरली तर वेल्डरचा चालू रेट बिनधास्त माग. चिरली तर माझ्या मते थोडे दिवस कमी पगारात काढायला हरकत नाही, पण लिहून घे की तीन महिन्यांनी परत टेस्ट आणि पास झालो की त्या महिन्यापासून पूर्ण रेट. ‘बघू पुढे’वर सही करू नकोस, माझी त्यात दोन वर्षं गेली.

हेल्मेटच्या बाबतीत मात्र अजिबात ऐकू नकोस. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ नंबरच्या करारात सरळ लिहिलंय, सुरक्षेच्या उपायांचा खर्च कामगारावर पडता कामा नये. आणि मिळालं की आधी काचेचा नंबर बघ, साध्या आर्क वेल्डिंगला १० च्या आसपासची शेड लागते, फिकट काच देऊन वेळ मारून नेणारे पुष्कळ आहेत.