८०५१ ला नाक मुरडू नकोस

अरे, अंबडच्या कारखान्यात रुजू झालास ना, मग एखाद्या जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमधला छोटा संगणक, भेटेलच. इंटेलने ही चिप १९८० साली आणली: ८ बिट, ४ किलोबाइट रॉम, रॅम अवघी १२८ बाइट. एवढ्याशा जागेत संसार मांडता आला की पुढची उधळपट्टी आपोआप टळते.

बोर्डावर ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (चिपला क्लॉकचे ठोके देणारा) दिसला तर 'हा कसला आकडा' म्हणत १२ चा लावू नकोस. सातपूरला असताना मी लावला होता. सीरियल पोर्टवर नुसता कचरा! मूळ ८०५१ ला एका मशीन सायकलला, म्हणजे कामाच्या एका पायरीला, क्लॉकचे १२ ठोके लागतात. ११.०५९२ ला भागत गेलं की सीरियल पोर्टचा ९६०० बॉड हा वेग तंतोतंत निघतो, १२ ला नाही.

मग एआरएमच्या कॉर्टेक्स-एम३ या नव्या प्रोसेसरकडे वळ. ३२ बिट वगैरे ठीक, खरी मजा इंटरप्टमध्ये, म्हणजे चालू काम थांबवून तातडीचं काम आधी करण्यात. ८०५१ वर असेंब्लीत लिहिताना इंटरप्ट आला की अ‍ॅक्युम्युलेटर, पीएसडब्ल्यू (स्थिती दाखवणारं रजिस्टर) आपणच स्टॅकवर, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवायचे. इथे आठ रजिस्टर हार्डवेअरच ठेवतं, म्हणून हँडलर, म्हणजे इंटरप्टचं काम करणारा कोड, हे साधं सी फंक्शन. फक्त एसटीएम३२ ही कॉर्टेक्स-एमवाली चिप घेतलीस तर पोर्टचा (पिनांच्या गटाचा) क्लॉक आधी चालू कर. हे विसरून तूही एक अख्खी दुपार घालवशीलच, आम्ही सगळ्यांनी घालवली आहे.